पोळी मऊ कशी झाली?

पोळी वातड झाली, की घरात बोल कुणाला लागतो? करणारीला. "हाताला वळण नाही," "कणीक नीट तिंबली नाही," "माहेरी काही शिकवलं नाही वाटतं!" असे ताशेरे आपण सर्वांनी ऐकले आहेत, आणि काहींनी ते मारलेही असतील. पण पोळीचा इतिहास उलगडून पाहिला तर असे दिसते, की ताटात पडणारी मऊ पोळी हे एकट्या हाताचे काम कधीच नव्हते. शेतात कोणता गहू पेरला, तो कशाखाली दळला, पीठ किती बारीक आले, रेशनच्या दुकानातून कोणत्या मुलखाचे धान्य पिशवीत पडले, या साऱ्यांचा हात तिला लागलेला असतो. सुगरणीवर ठेवलेला ठपका पुष्कळदा गव्हाचा असे, जात्याचा असे, कधी कधी तर तो सातासमुद्रांपलीकडून आलेला असे. ती हकिगत आज सांगायची आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. कुठे पोळी म्हणतात, कुठे चपाती, कुठे रोटी. पातळ, तेल न लावता विस्तवावर फुगवली की फुलका. पुष्कळ घरांत पोळी म्हटले की पुरणाचीच समजतात आणि रोजची ती चपाती. नाव काहीही असो, वस्तू एकच. कोंड्यासकट दळलेल्या गव्हाची कणीक, पाणी, चिमूटभर मीठ, थोडे तेल, आणि तापलेला तवा. इतक्या थोड्या सामानात होणारा आणि तरी इतका सहज बिघडणारा पदार्थ दुसरा क्वचितच असेल.

आता आपला मुलूख. घाटावरचा महाराष्ट्र हा भाकरीचा देश, कोकण भाताचा. काळ्या जमिनीत रब्बीला गहू होई, नाही असे नाही. पण त्याला ओल हवी, थंडी हवी, विहिरीचे पाणी असेल तर उत्तमच. ज्वारी-बाजरी पावसाच्या भरवशावर येई. म्हणून गहू हे बहुतेक शेतकरी घरांत सणाचे धान्य. होळीला, पाडव्याला, पोळ्याला, पाहुणा आला तर, आणि घरात कुणी आजारी असेल तर. रोज गव्हाची पोळी खाणारी घरे गावात बोटांवर मोजण्याइतकी. हे चित्र पालटले ते गेल्या शंभर वर्षांत, आणि त्यातही मुख्यतः 1943 नंतर.

गहू मात्र आपल्याकडे जुना आहे. बलुचिस्तानात मेहरगढ येथे सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत गहू आणि जव यांचे पुरावे मिळाले. नर्मदेच्या काठी महेश्वरसमोर नावडातोली येथे ताम्रपाषाण काळातला गहू सापडला. आणि आपल्या पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 पासून अनेक हंगाम उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे ते शेतकऱ्यांचे गाव. मुख्य पीक जवाचे. पण जळून कोळसा झालेले गव्हाचे दाणेही तेथे मिळाले, आणि पुराचे पाणी अडवून वळवण्यासाठी घातलेला बांध व पाटही दिसून आला. पाण्याशिवाय गहू नाही, ही गोष्ट त्या लोकांना चांगली कळलेली दिसते.

मग हे लोक पोळ्या खात होते का? आपण समजतो तशा खात नसावेत. कारण त्यांच्याकडे गोल फिरणारे जाते नव्हते. होता तो मधोमध खोलगट झालेला पाटा आणि हाती धरायचा वरवंटा. गुडघ्यांवर बसून, अंगाचा भार देऊन, दाणे पुढे-मागे रेटायचे. असे पीठ भरड निघते, सगळे सारखे होत नाही. त्याची लापशी होईल, जाड रोट होईल. पण पातळ लाटता येईल अशी कणीक होणे कठीण. दोन तळ्या एकमेकींवर ठेवून वरची खुंट्याने गरगर फिरवायची, हे जाते आपल्याकडे नंतर आले. नगर जिल्ह्यात नेवासे येथे 1954 ते 1956 या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले, त्यात सातवाहन काळाच्या थरांत अशी गोल जाती मिळाली. नेवासे म्हटले की आपल्याला ज्ञानेश्वरी आठवते, आणि ते योग्यच आहे. पण माझ्या मते त्या मातीतून निघालेले जातेही मराठी घराच्या दृष्टीने तितकेच आठवण ठेवण्याजोगे आहे. ज्याने कुणी ते प्रथम घडवले, त्याचे नाव कोणत्याही शिलालेखात नाही.

येथे थोडे थांबून गव्हाचा एक गुण सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचे नीट उमजणार नाही. ज्वारीच्या पिठात पाणी घालून कितीही मळा, ते ताणले जात नाही. म्हणून भाकरी थापावी लागते, उकळत्या पाण्याची उकड घ्यावी लागते, आणि हलक्या हाताने तव्यावर टाकावी लागते. गव्हाच्या पिठात पाणी पडले की त्यातली प्रथिने एकमेकांत गुंतून चिवट जाळे तयार होते. याला ग्लुटेन म्हणतात. कणीक रबरासारखी ताणली जाते ती यामुळे, आणि पोळी लाटता येते तीही यामुळेच. पण हे जाळे दुधारी आहे. फार बळकट असले तर लाटलेली पोळी आखडून पुन्हा लहान होते आणि गार झाल्यावर चामड्यासारखी लागते. फार दुबळे असले तर लाटतानाच फाटते. मऊ पोळीला मधला गहू लागतो.

आता बाराव्या शतकात या. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याने 1130 च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाने काय काय जाणावे, याचा तो कोश. त्यात भोजनाचे प्रकरण आहे. त्यात मंडक नावाच्या गव्हाच्या पदार्थाची कृती दिलेली आहे. गहू धुवावेत, उन्हात वाळवावेत, दळून चाळावेत, पिठात तूप आणि मीठ घालून ते मळावे, गोळे करून हातांनी मोठे करावेत आणि तापलेल्या खापरावर भाजावेत. श्रोतेहो, मंडक म्हणजे आपले मांडे. खानदेशात आणि विदर्भात आजही पालथ्या खापरावर मांडे भाजणाऱ्या बायका आहेत. गोळा दोन्ही हातांवर असा झेलत मोठा करतात, की पाहणाऱ्याला वाटावे आता फाटला. पण फाटत नाही. गहू धुऊन वाळवण्यातही मर्म आहे. ओलाव्याने कोंडा चिवट होतो, दळताना त्याचा चुरा होत नाही, चाळणीवर तो वरच राहतो आणि खाली पडते ते सपीट. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका हे करीत. मानसोल्लास त्यांनी वाचला नव्हता. ज्ञान हातातून हातात आलेले होते.

आणि मांडे म्हटले की मुक्ताबाईची कथा आलीच. विसोबाने कुंभारांना दरडावले, खापर मिळू दिले नाही. तेव्हा ज्ञानदेवांनी योगाग्नीने पाठ तापवली आणि मुक्ताईने तिच्यावर मांडे भाजले. कथा म्हणून ती आपण ऐकतो. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिच्यात आणखी एक गोष्ट पाहावी. मांडे घरच्या चुलीवर, बहीण भावांसाठी करते आणि खापर गावच्या कुंभाराकडून आणायचे असते. म्हणजे राजाच्या मुदपाकखान्यातला पदार्थ लोकांच्या घरात आणि कथेत पुरता रुळलेला होता.

उत्तरेकडे अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'ऐन-ए-अकबरी' लिहिली. त्यात तंदुरातल्या जाड रोटीबरोबर लोखंडी तव्यावरच्या पातळ रोटीचा उल्लेख आहे, आणि चपाती हे नावही आहे. एका शेरात अशा पंधरा किंवा त्याहून जास्त होतात, असे तो नोंदवतो. अकबरी शेर आजच्या सुमारे सव्वासहाशे ग्रॅमचा. म्हणजे एका रोटीला चाळीस-बेचाळीस ग्रॅम. आपल्या घरातल्या फुलक्याचा उंडा तोलून पाहा, फारसा फरक निघणार नाही. चपाती गरम वाढली तर उत्तम लागते, असेही तो सांगतो. गार झाल्यावर कशी लागते, याबद्दल मात्र त्याने मौन पाळले आहे. बादशहाच्या पंक्तीला गार चपाती कोण वाढणार! डबा बांधून शेतावर किंवा कारखान्यात जाणाऱ्या माणसाचा प्रश्न निराळा. सकाळी केलेली पोळी दुपारी मऊ राहिली पाहिजे, ही मागणी कष्टकऱ्याची आहे, राजाची नव्हे.

आता जात्याकडे वळू, कारण पोळीच्या इतिहासातला सर्वांत जड भाग तोच आहे, शब्दशः.

पाच-सहा माणसांच्या घराला रोज लागणारे पीठ रोज दळावे लागे. पीठ दळून साठवण्याची रीत नव्हती. पावसाळ्यात ते लगेच कडवट होई. म्हणून पहाटे, कोंबडा आरवायच्या सुमारास, घरातली बाई उठे. पाय पसरून जात्यापाशी बसे, खुंटा धरी. दोघी असल्या तर समोरासमोर बसून एकच खुंटा फिरवीत. गहू ज्वारीपेक्षा दळायला जड. आणि पोळीसाठी पीठ बारीक हवे म्हणजे घास थोडा थोडा घालायचा, जाते जास्त फिरवायचे. तासभर तरी जाई, सणाला त्याहून अधिक. जाते गुळगुळीत झाले की टाकी लावायला माणूस बोलवायचा, आणि टाकी लावल्यावर पहिले दोन दिवस पिठात कच येई ती सोसायची. सणाच्या पोळ्यांचे कौतुक पंगतीत होई. पहाटेचे दळण मात्र अंधारातच राही.

त्या अंधारातून ओवी आली. जात्यावर बसले की ओवी सुचते, असे आपण म्हणतो. पण ती सुचावी लागे, कारण तिच्याशिवाय तो दगड ओढणे अवघड होते. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' या नावाने अशा ओव्या जमवल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी अनेक सहकाऱ्यांच्या मदतीने खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. भाऊ, आईबाप, सासर, विठोबा, शेत, दुष्काळ, आणि जवळच्यालाही न सांगता येण्याजोगे दुःख, सारे तीत आहे. शिक्षकांनी हा साठा जरूर पाहावा. आपल्या बायकांच्या मनाचा एवढा मोठा लेखी पुरावा दुसरीकडे मिळणार नाही.

मग गिरणी आली. विसाव्या शतकात आधी शहरांत, मग बाजाराच्या गावांत ऑइल एंजिनावर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या निघाल्या. छपराबाहेर काढलेल्या नळीतून पुक्-पुक् आवाज आला, की गिरणी सुरू झाली हे गावाला कळे. नंतर वीज आली. एका पिढीच्या आत जाते माजघरातून पडवीत आणि पडवीतून परड्यात गेले. आज ते लग्नात हळद दळण्यापुरते उरले आहे.

या बदलावर वाद झाला, तो मोठा मोलाचा होता. 1934 च्या अखेरीस महात्मा गांधींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन केला. त्याचे केंद्र वर्ध्याला मगनवाडीत होते आणि डॉ. जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहत. हातजात्यावरचे, कोंड्यासकट असलेले पीठ खावे, गिरणीमुळे सत्त्व जाते आणि गावातला रोजगारही जातो, असे संघाचे म्हणणे. कोंड्याच्या बाबतीत ते खरे होते. रोलरच्या मोठ्या गिरणीत कोंडा आणि अंकूर काढून मैदा होतो, त्यात अन्नाचा कस कमी राहतो, हे आज कुणीही मान्य करील. गांधीजींनी आश्रमात स्वतः जाते ओढले, तेव्हा त्यांना बोलण्याचा अधिकारही होता. पण गावोगावच्या बायकांनी या वादात आपले मत पायांनी दिले. दळणाचा डबा डोक्यावर घेऊन त्या गिरणीकडे चालू लागल्या. मला विचाराल, तर त्यांचे बरोबर होते. गावची दगडी गिरणी कोंडा काढीत नाही. कणीक कोंड्यासकटच येते, चाळायची किती ते आपल्या हाती. सत्त्व राहिले आणि पहाटेची झोप परत मिळाली. अशी सोयीची तडजोड इतिहासात फार वेळा मिळत नाही.

दगडी गिरणीने पोळी मऊ करण्यातही हातभार लावला, तो असा. दगडांच्या घर्षणाने गव्हातल्या पिष्टाचे काही कण चिरडले जातात. चिरडलेला कण सबंध कणापेक्षा कितीतरी जास्त पाणी शोषून घेतो. कणकेत पाणी जास्त मुरले, की पोळी जास्त वेळ मऊ राहते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रशास्त्र संशोधन संस्थेत चपातीवर पुष्कळ अभ्यास झाला आहे, आणि चक्कीच्या पिठाची चपाती चांगली का होते, याचा एक उलगडा हाच. मात्र दगड फार आवळले तर पीठ तापते, 'जळते'. मग जाळे तुटते आणि पोळीला कडेने चिरा पडतात. अशा वेळी बोलणी खायची तर ती गिरणीवाल्याने खावीत.

आता येतो गहू. पूर्वी आपल्याकडे खपली होता, म्हणजे दाण्यावर टरफल घट्ट बसलेला जुना गहू. त्याची खीर नावाजलेली. बन्सी होता, पिवळसर, काचेसारखा टणक. त्याचा रवा आणि शेवया उत्तम, पण रोजच्या पोळीला तो जरा कडकच. या पिकांचा उतारा बेताचाच. बिहारमधल्या पुसा येथे अल्बर्ट हॉवर्ड आणि गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्याने भारतीय गव्हाचा कसून अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ 1909 साली निघाला. त्यांनी निवडलेला पुसा 4 हा गहू दाण्याच्या गुणासाठी देशाबाहेरही वाखाणला गेला. आपल्याकडे निफाडच्या केंद्रात गव्हाचे काम झाले. पण हे सारे शेतापर्यंत हळूहळू पोचत होते, आणि मध्येच महायुद्ध आले.

1942 साली ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि तिकडचा तांदूळ बंद झाला. 1943 च्या मे महिन्यात मुंबईत रेशनिंग सुरू झाले. कोकणातून आलेला गिरणी कामगार भात खाणारा, घाटावरचा भाकर खाणारा. आता दुकानात जे येईल ते घ्यायचे. पुष्कळ चाळींतल्या चुलींवर रोजचा गहू शिरला तो असा, आवडीने नव्हे, कार्डावर. कोकणातल्या बाईने कणीक कधी मळलेली नाही, पोळपाट घरात नाही. अशा घरांत पहिल्या पोळ्या कशा झाल्या असतील, याची कल्पना आपण करू शकतो. आणि त्याबद्दल कुणी काय बोलले असेल, याचीही.

स्वातंत्र्यानंतर टंचाई संपली नाही. 1956 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेशी 'पी.एल. 480' या कायद्याखाली धान्याचा करार झाला आणि जहाजे भरून गहू येऊ लागला. 1965 आणि 1966 ही दोन वर्षे लागोपाठ पावसाने दगा दिला, तेव्हा 1966 या एका वर्षात सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आले. लोकांच्या आठवणीत तो 'लाल गहू' आणि 'अमेरिकन मिलो' म्हणून राहिला आहे. मिलो म्हणजे तांबडी ज्वारी. त्या धान्याने माणसे जगली, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. पण त्याच्या पोळ्या?

परदेशी गहू पोळीसाठी पिकवलेलाच नसतो. एक असतो पावासाठी. त्याचे जाळे बळकट, म्हणून पाव फुगतो. त्याची पोळी लाटली की आखडते आणि दुपारपर्यंत वातड होते. दुसरा असतो बिस्किटांसाठी. त्याचे जाळे दुबळे, त्याची पोळी तुटते. या पंधरवड्याला एक, पुढच्याला दुसरा, कधी दोन्हींची मिसळ, त्यात कोठारात आणि जहाजात गेलेले महिने. बाई तीच, परात तीच, तवा तोच, आणि पोळी मात्र दर पंधरवड्याला निराळी. तिने पाणी किती घालावे याचा अंदाज बांधावा, तोवर धान्य बदललेले. त्या वर्षांत किती घरांत ताट सरकवले गेले असेल आणि किती जणींनी मुकाट्याने ऐकून घेतले असेल, हे कुठल्याच सरकारी अहवालात नाही. दोष गव्हाचा होता, हे त्यांना कुणी सांगितले नाही.

1966 साली मेक्सिकोतून बुटक्या गव्हाचे 18,000 टन बियाणे आणले गेले. लेर्मा रोहो, सोनोरा 64 ही त्यांतली नावे. ताटे बुटकी म्हणून खत-पाणी दिले तरी पीक लोळत नाही आणि उतारा भरपूर. पण दाणा लाल! रेशनच्या लाल गव्हाला कंटाळलेल्या लोकांनी बाजारात नाक मुरडले. भाव कमी मिळाला. शास्त्रज्ञांनी ही तक्रार मनावर घेतली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांच्या गटाने सोनोरा 64 वर किरणांचा प्रयोग करून 1967 साली पिवळसर दाण्याचा 'शरबती सोनोरा' काढला. कल्याणसोना आणि सोनालिका हे त्याच सुमाराचे वाणही आपल्या डोळ्यांना पटणाऱ्या रंगाचे होते. 1964-65 साली देशात सुमारे 1 कोटी 23 लाख टन गहू झाला होता. 1967-68 साली तो 1 कोटी 65 लाख टनांवर गेला. शेतकऱ्याचे आणि शास्त्रज्ञाचे नाव या यशात घेतले जाते, घ्यावेच. पण दाण्याचा रंग बदलायला लावला तो पोळी खाणाऱ्यांनी आणि करणाऱ्यांनी.

आपल्या बाजारातल्या 'लोकवन'ची गोष्टही अशीच. वाण्याकडे आपण लोकवन मागतो. कित्येकांना वाटते, एखाद्या वनाशी त्याचा संबंध असेल. मूळ नाव 'लोक-1', इंग्रजी उच्चाराने 'लोक वन'. गुजरातेत सणोसरा येथे लोकभारती ही नानाभाई भट्टांनी 1953 साली काढलेली ग्रामविद्यापीठाच्या धर्तीची संस्था आहे. तेथे सोनालिकापासून पुढे हा गहू तयार झाला, म्हणून 'लोक'. दाणा टपोरा, पोळी मऊ आणि गोडसर. खेड्यातल्या एका शिक्षणसंस्थेचे नाव लाखो घरांच्या स्वयंपाकघरात पोचले आणि वाटेत त्याचे 'वन' झाले.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर रेशनवर गहू-तांदूळ घरोघर पोचले. अलीकडच्या काही वर्षांत कित्येक बाजारांत ज्वारीचा भाव गव्हाच्या वर गेला. एके काळी सणाला होणारी पोळी रोजची झाली, आणि भाकरी हौसेची होऊ पाहते आहे. आपल्या आज्यांना हे सांगितले असते, तर त्यांनी पदर तोंडाला लावून हसणे पसंत केले असते.

आता हाताचे काम सांगतो, कारण हातही खोटा नाही. दळायला टाकताना 'गव्हावर गहू' दळा असे बजावावे. आधी ज्वारी दळली असेल तर तिचे पीठ मिसळते आणि पोळी तुटते. गिरणीतून आलेले गरम पीठ लगेच डब्यात कोंबू नये, पसरून निवू द्यावे. एक किलो कणकेला सहाशे ते सातशे मिलिलिटर पाणी लागते, गव्हाप्रमाणे कमी-जास्त. कणीक कानाच्या पाळीइतकी मऊ भिजवावी, तेलाचा हात लावून ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावी. त्या अर्ध्या तासात कोंडा पाणी पितो आणि आखडलेले जाळे सैल होते. घाईने लगेच लाटायला घेतली तर कितीही सुगरण असली तरी पोळी आखडणारच. घडीची करायची तर लाटीला तेल आणि पिठी लावून दुमडावी. तेलामुळे पदर एकमेकांना चिकटत नाहीत. पिठी मात्र फार लावू नये, ती तव्यावर जळते आणि पोळी कोरडी करते.

तवा चांगला तापलेला हवा. थंड तव्यावर पोळी भाजत नाही, वाळते. पहिली बाजू थोडाच वेळ, दुसरी जरा जास्त, मग पुन्हा उलटून फुगू द्यावी. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा मागते. दोन्ही पापुद्रे आधी आवळले असतील तर वाफ आत कोंडते आणि पोळी टम्म फुगते. उतरली की फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवावी. कोंडलेली वाफ पापुद्र्यात परत मुरते. उघडी टाकलेली पोळी घटकाभरात ताठ होते, मग गहू कोणताही असो.

शिक्षक बंधुभगिनींसाठी एक प्रयोग. वर्गात दोन मुठी गव्हाचे पीठ आणि दोन मुठी ज्वारीचे पीठ निरनिराळे भिजवा. अर्ध्या तासाने दोन मुलांना दोन गोळे द्या आणि पाण्याने भरलेल्या दोन पातेल्यांत हलके हलके चोळून धुवायला सांगा. ज्वारीचा गोळा पाहता पाहता विरघळून तळाशी बसेल. गव्हाचे पाणी पांढरे होत जाईल आणि शेवटी मुलाच्या हातात राखाडी, रबरासारखा ताणणारा लहानसा लगदा उरेल. रेशनचा गहू, लोकवन आणि जमल्यास बन्सी अशा तिघांचे लगदे काढून शेजारी शेजारी ठेवा. कोणता किती ताणला जातो, कोणता पटकन तुटतो, हे मुलांना फळ्यावर लिहू द्या. आणि संध्याकाळी घरी जाऊन आईला विचारू द्या, की या तिन्हींपैकी कोणत्या पिठाला ती पाणी जास्त घालते. ती न मोजता बरोबर सांगेल.